निर्णयाची उंची

1972 हे साल नगर जिल्ह्यात दुष्काळाचं साल म्हणून ओळखलं जातं. खडी फोडून आणि सुकडी खाऊन ते वर्ष काढलेली म्हातारी माणसं आमच्या नागापुरात अजून भेटतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चंद्रावर उतरलेल्या माणसांची शेवटची तुकडी पृथ्वीवर परतली. आणि त्याच वर्षी हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. लुना म्हणजे लॅटिनमध्ये चंद्र. पन्नास सीसीचं इंजिन आणि सायकलसारखी पायडलं. माझ्या वडिलांनी पुढे एक जुनी लुना विकत घेतली आणि कित्येक वर्षं ते तिच्यावरून नागापूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेले. इंजिन दमलं की पायडल मारायचं. पेट्रोल संपलं तरी पायडल मारायचं. गाडी बंद पडली तरी माणूस घरी पोचेल, ही सोय त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती.

मी त्याच एमआयडीसीत बावीस वर्षं टूलरूममध्ये काम करतो. गेल्या सात वर्षांत विमानातून 41 उड्याही मारल्या आहेत. या दोन गोष्टींनी मिळून यंत्राकडे बघायची एक रीत मला लावली, आणि ती मला आज मांडायची आहे. नवं वाहन आलं की चौकात प्रश्न ठरलेले असतात: किती पळतं, किती ॲव्हरेज देतं, किंमत किती? मी विचारतो, ते बिघडलं की काय करतं? तंत्रज्ञानाची प्रगती या प्रश्नाच्या उत्तरावर मोजावी असं माझं ठाम मत आहे. आपण ती उंचीवर आणि वेगावर मोजत आलो, म्हणून बऱ्याच ठिकाणी चुकलो.

आधी उडीबद्दल सांगतो, कारण लोकांच्या मनात तिचं चित्र वेगळं असतं. साधारण 13,000 फुटांवर विमानाचं दार उघडतं. बाहेर पडल्यावर दहा-बारा सेकंदांत शरीराचा वेग ताशी 190-200 किलोमीटरवर जातो आणि तिथे स्थिरावतो. हवेचा विरोध आणि वजन यांचं तिथे जमतं. मग पडतोय असं वाटतच नाही. वाऱ्याच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं, कानात प्रचंड आवाज असतो आणि एक हात थोडा आत घेतला तरी अख्खं शरीर वळतं. हे सगळं मिनिटभर. 5,000 फुटांच्या आसपास पॅराशूट उघडायचं.

पाठीवरच्या पिशवीत पॅराशूट दोन असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य गुंतलं, फाटलं किंवा अर्धवट उघडलं तर पहिली मूठ ओढून ते अंगावेगळं करायचं आणि मग दुसरी मूठ ओढून राखीव उघडायचं. क्रम हाच. गुंतलेलं मुख्य तसंच ठेवून राखीव उघडलं तर दोन्ही एकमेकांत अडकू शकतात. आणि या सगळ्यासाठी एक उंची ठरलेली असते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या शिकवणीत शिकाऊ माणसासाठी ती 2,500 फूट आहे. त्या उंचीपर्यंत मुख्य पॅराशूट नीट चालतंय की नाही हे ठरवायचं. चालत नसेल तर सोडायचं, त्याच्याशी झटत बसायचं नाही. तिला आम्ही निर्णयाची उंची म्हणतो.

माझ्या एका उडीत दोऱ्यांना पीळ पडला. पाय झाडत, दोऱ्या फाकवत मी स्वतःभोवती फिरत होतो आणि डोळा मनगटावरच्या अल्टिमीटरवर होता. 3,400 फुटांवर पीळ सुटला. आणखी 900 फूट सुटला नसता तर एवढं महागाचं कापड मी सोडून दिलं असतं. त्या क्षणी धैर्य कामाला आलं नाही. जमिनीवर शंभर वेळा घोकलेला आकडा कामाला आला.

शीतल महाजन यांच्याबद्दल आपल्या वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, आणि ते योग्यच झालं. पुण्याच्या या मुलीने 18 एप्रिल 2004 रोजी आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, 2006 साली दक्षिण ध्रुवावर मारली, 2018 मध्ये थायलंडच्या आकाशातून ती नऊवारी नेसून उतरली. 2011 साली तिला पद्मश्री मिळाली. बातम्यांमध्ये धाडस हा शब्द पुन्हापुन्हा येतो. मला मात्र नऊवारीच्या त्या फोटोत आधी पाठीवरची पिशवी दिसते. तो काष्टा वाऱ्यात सुटू नये, पदर मुठीत किंवा दोरीत अडकू नये, यासाठी जमिनीवर किती विचार झाला असेल! धाडस आहेच. पण ते तयारीच्या पायावर उभं आहे, आणि मुलांना ही तयारी दाखवायला आपण विसरतो.

उडण्याच्या बाबतीत आपल्या समाजाची एक सवय मला खटकते. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्याशी ज्या वैमानिकशास्त्राचं नाव जोडलं जातं, त्याचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली बारकाईने अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरी गोष्ट चालूच राहिली. मला त्या गोष्टीतला एक तपशील बोलका वाटतो. विमान दीड हजार फूट वर गेलं आणि खाली आदळलं, असं ती सांगते. म्हणजे आपल्या आवडत्या कथेतही आपण उंची मोजली, उतरणं मोजलंच नाही. राइट बंधू सायकलवाले होते. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं आणि 120 फुटांचं झालं. पण त्याआधीची वर्षं त्यांनी बिनइंजिनाच्या ग्लायडरवर तोल सांभाळणं आणि उतरणं शिकण्यात घालवली होती, नोंदी ठेवल्या होत्या. इंजिन सगळ्यात शेवटी बसलं.

आपल्याकडेही नोंद ठेवून काम करणारे आहेत. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. कागदपत्रं, तपासण्या आणि परवानग्या यांत त्यांची वर्षं गेली. लोक त्याला लाल फीत म्हणून हळहळतात. त्यातला काही भाग खरोखरच लाल फीत असेल. पण हवेत बिघडणाऱ्या यंत्राला आधी शंभर प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, आणि त्या प्रश्नांना सामोरं गेलेलं गच्चीवरचं विमान मला चौपाटीच्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

पॅराशूटचाच इतिहास बघा. 1797 साली गार्नेरां नावाचा फ्रेंच माणूस पॅरिसमध्ये फुग्यातून कापडाच्या छत्रीला लटकून उतरला, आणि सगळा वेळ हेलकावे खात उतरला. दीडशे वर्षांहून जास्त काळ छत्री गोलच राहिली. 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाइलला उतरलेली आपली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठा पलटण. तेव्हाचे सैनिक गोल छत्रीवर, वारा नेईल तिकडे उतरत. गोल छत्रीवरच्या माणसाला पडण्याचंच शिक्षण घ्यावं लागे: पाय जुळवून, गुडघे सैल ठेवून, कुशीवर लोळत. 1960च्या दशकात डॉमिना जाल्बर्ट यांनी कप्प्याकप्प्यांचा कापडी पंख काढला. त्याच्या तोंडातून हवा आत भरते आणि कापडाला पंखाचा आकार येतो. आता माणूस वळू शकतो, पुढे जाऊ शकतो, आणि शेवटच्या क्षणी दोन्ही ब्रेक ओढून जिना उतरल्यासारखा जमिनीवर पाय ठेवू शकतो. 1991 साली जर्मनीत सायप्रेस नावाचं उपकरण आलं. माणूस बेशुद्ध पडला, वेळेचं भान हरपलं आणि 750 फुटांपर्यंत खाली आला तरी वेग कमी झालेला नसेल, तर ते स्वतःच राखीव पॅराशूटचा बंद कापतं.

इतकं सुरक्षित साधन हाती आल्यावर काय झालं? माणसं उघड्या, नीट चालणाऱ्या पॅराशूटखाली मरू लागली. कापडी पंख लहान होत गेले, वेगवान होत गेले, जमिनीलगत जोरात वळून उतरण्याचा शौक वाढला. बिल बूथ हे या खेळातले मोठे कारागीर. मुख्य पॅराशूट क्षणात सोडणारी तीन कड्यांची युक्ती त्यांची. त्यांचं निरीक्षण असं की साधन जितकं सुरक्षित होतं, तितका माणूस जास्त धोका पत्करतो आणि हिशेब तिथेच येतो. गाड्यांमध्येही हे दिसलं. 1980च्या दशकात म्युनिकच्या टॅक्सींवर अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस ब्रेक होते, काहींना नव्हते. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत. चालक त्या ब्रेकच्या भरवशावर जास्त जोरात हाकू लागले होते.

बूथ यांचं म्हणणं मी अर्धंच मानतो, कारण पुढचे आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेत 1970च्या दशकात या खेळात वर्षाला चाळीसच्या वर माणसं मरत. 2023 साली तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू झाले 10. नुसत्या उपकरणांनी हे झालं नाही. लहान पंख कोणी वापरायचा याचे नियम आले, उतरण्याचं वेगळं शिक्षण आलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अपघातांच्या हकिगती संघटनेच्या मासिकात छापल्या जातात. कोणाची बदनामी करायला नव्हे. काय झालं, कोणत्या उंचीवर झालं, काय करता आलं असतं, हे प्रत्येकाने वाचावं म्हणून. मी स्वतः असे वृत्तान्त वाचून शिकलो आहे. मेलेल्या माणसाने मला वाचवलं, असं मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही.

आता विमानातून उतरून रस्त्यावर येऊ. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. रोजची सुमारे 462. त्यातली 74,897 दुचाकीवरची. उडी मारणारे मूठभर आणि रस्त्यावर सगळा देश, तेव्हा हे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत हे मला कळतं. मी तुलना करतोय ती वागणुकीची. माझ्या शेजारच्या मशीनवरचा एक मित्र दुसरी पाळी सुटल्यावर रात्री खडीवरून घसरला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. तो आता काठी घेऊन चालतो. कारखान्याच्या दफ्तरी त्याची नोंद रजा अशी झाली. खडी तिथे का होती, दिवा का बंद होता, हेल्मेट डोक्यावर का नव्हतं, हे कोणी लिहून ठेवलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच वळणावर दुसरा घसरला. आमच्या खेळात हे घडलं असतं तर पहिल्या घसरण्याची हकिगत दुसऱ्याने आधीच वाचलेली असती.

मोटारीने विमानाकडून पुष्कळ घेतलं. चाक जाम होऊ न देणारा ब्रेक 1950च्या दशकात विमानांवर रुळला आणि मग गाडीत आला. तीन टोकांचा सीटबेल्ट 1959 साली व्होल्वोत बसवणारे निल्स बोलिन हे त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानाच्या फेकल्या जाणाऱ्या आसनावर काम करत होते. वैमानिकाला बाहेर फेकून वाचवण्याचा विचार करणाऱ्या माणसाने प्रवाशाला आत धरून वाचवायची पट्टी बनवली, आणि व्होल्वोने ती सगळ्या कारखानदारांना खुली करून दिली. देवाणघेवाण उलट्या दिशेनेही होते, आणि त्याचं उदाहरण आमच्या नगरात आहे. इथली वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, लष्कराच्या गाड्यांवर काम करते. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन बनलं, त्यात गाभा बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा आणि प्रज्वलन व इंधनपुरवठ्याची यंत्रणा नगरची होती. एप्रिल 2009 मध्ये कोलारला ते इंजिन हवेत गेलं. रणगाड्यांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरचा हात विमानाला लागला, ही गोष्ट आमच्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवी.

मग गाडी आणि विमान एकच का होऊ नये? उडणाऱ्या मोटारीबद्दल मला हमखास विचारलं जातं. 2021 च्या जूनमध्ये स्लोव्हाकियात स्टेफान क्लाइन यांची पंख मिटणारी गाडी नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत उडत गेली आणि उतरून रस्त्याला लागली. कारागिरी अप्रतिम आहे. तरी शहरावरून रोज उडणाऱ्या गाड्या मला नको आहेत, आणि हे मी उडण्यावर जीव असलेला माणूस म्हणून सांगतो. गाडीला रस्ता धरून ठेवायला वजन लागतं, विमानाला वजन टाकायचं असतं. दोघांचा स्वभावच उलटा. पण माझा मुख्य आक्षेप उंचीचा आहे. बिघडलेली गाडी साइडपट्टीला लावता येते. हवेला साइडपट्टी नसते. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांना अख्खं विमान तोलून धरणारं पॅराशूट असतं आणि त्याने कित्येक जीव वाचले आहेत, पण ते उघडायला खाली काही शे फूट मोकळी हवा लागते. इमारतींच्या माथ्यावरून जाणाऱ्या उडत्या टॅक्सीला वर चढताना आणि खाली उतरताना नेमकी तीच उंची मिळत नाही. ज्या पट्ट्यात पॅराशूट उपयोगाचं नाही, तोच तिचा रोजचा रस्ता. लिलियम आणि फोलोकॉप्टर या दोन नावाजलेल्या जर्मन कंपन्यांनी 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला तो पैशाच्या कारणाने. पण पैसा मिळाला असता तरी माझा प्रश्न शिल्लक राहिला असता.

माझ्या गावापुढचा बदल मात्र आकाशातला नाही, तो रस्त्यावरून येतोय. 2024 च्या फेब्रुवारीत लुना परत आली, विजेवर चालणारी. तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 69,990 रुपये होती. तिच्यात पिस्टन नाही, रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही, कार्बुरेटर नाही. नागापूरच्या छोट्या शेडांत, दोन लेथ आणि एक व्हीएमसी टाकून जी घरं उभी राहिली, त्यातल्या अनेकांची भाकरी या न दिसणाऱ्या भागांवर आहे. मी पिस्टनच्या पिनेचा मायक्रॉनमधला फरक बोटाला जाणवतो म्हणून ज्याला मान मिळतो असा माणूस आहे. मला हा बदल सुखाचा नाही. तरी विजेची गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. ती कमी आवाज करते, गल्लीत धूर सोडत नाही, आणि उसाला पाणी द्यायला पहाटे निघणाऱ्या शेतकऱ्याला रोजचा खर्च कमी येतो.

इथे मला पुन्हा ती उंची आठवते. जमीन वरून फार लांब दिसते. 3,000 फुटांवरूनही डोळ्याला वाटतं, अजून वेळ आहे. शेवटच्या काही सेकंदांत ती एकदम अंगावर धावून येते. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही, अल्टिमीटर बघायचा. आमच्याकडे अनेक शेडमालक म्हणतात, पेट्रोलच्या गाड्या अजून वीस वर्षं जात नाहीत. खरंही असेल. पण त्यांच्या हातात अल्टिमीटर आहे, त्यांची स्वतःची ऑर्डरवही. त्यातलं किती काम फक्त इंजिनासाठी आहे, हे दर सहा महिन्यांनी मोजा. आकडा खाली येत असताना त्याच जुन्या जॉबसाठी नव्या मशीनचं कर्ज काढणं म्हणजे गुंतलेल्या पॅराशूटमध्ये राखीव उघडणं. आधी सोडायचं, मग उघडायचं. पंपाचे भाग, वैद्यकीय उपकरणं, मोटरचे शाफ्ट, ड्रोनचे सांगाडे, काहीही असो. व्हीआरडीईतल्या गाडीच्या इंजिनावर तयार झालेलं ज्ञान विमानापर्यंत पोचलं, तसं नागापूरच्या लेथवरचं कसबही दुसऱ्या कामाला जाऊ शकतं. बोटांना मायक्रॉन कळतो, तो पिस्टनचा आहे की कृत्रिम गुडघ्याचा याने बोटांना फरक पडत नाही.

फक्त एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. विमानात प्रत्येकाच्या पाठीवर राखीव असतं, मालकाच्याही आणि नवख्याच्याही. शेडमध्ये तसं नाही. मालकाकडे जमीन असते, शेडचं भाडं असतं. कंत्राटी फिटरकडे फक्त पुढचा महिना असतो. त्याला राखीव द्यायचं तर ते काम चालू असतानाच शिवावं लागेल: पगारी वेळेत नवं मशीन, मोटर वाइंडिंग, बॅटरीचं काम शिकवून. मुख्य फाटल्यावर शिलाई मशीन शोधायला कोणाकडेच उंची उरत नाही. हा खर्च कारखानदारांनी आणि सरकारने वाटून उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्या कामगाराच्या माथी तो मारणं अन्याय आहे.

नागापूर एमआयडीसीतल्या मालकांना, सुपरवायझरांना आणि युनियनच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. प्रत्येक गेटवर एक फळा लावा. कामावर येता-जाता झालेला प्रत्येक अपघात, अगदी साधं घसरणंही, तारीख, जागा, वेळ आणि कारण यांसह त्यावर लिहा. नाव लिहू नका. महिनाअखेरीला पाळी सुटताना पाच मिनिटं सगळ्यांना तो वाचून दाखवा आणि त्याची एक प्रत रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना पाठवा. खडूचा खर्च येईल. माझ्या टूलरूमच्या दारावर मी असा फळा मार्चमध्ये टांगला आहे. त्यावर आजपर्यंत अकरा ओळी लिहिल्या गेल्या, त्यातल्या चार एकाच वळणाच्या आहेत.